काळी अस्वले म्हातारी का होत नाहीत?

महोदय,

उत्तर अमेरिकेतील काळे अस्वल तीस वर्षे जगते, असे सरसकट लिहिले जाते. तेवढे जगण्याची शरीराची क्षमता आहे, पण जंगलात ती संधी फार थोड्यांना मिळते. मिनेसोटात १९८१मध्ये रेडिओ कॉलर लावलेली ५६ क्रमांकाची मादी २०१३मध्ये साडेएकोणचाळीस वर्षांची होऊन वार्धक्याने मेली. तिथल्या अभ्यासातील इतर शेकडो अस्वलांपैकी कोणीही तिच्या जवळपासही पोहोचले नाही.

वय दातावरून कळते. सुळ्यामागचा लहानसा दात काढून त्याच्या मुळाचा पातळ काप रंगवतात. दर हिवाळ्याची एक गडद रेघ उमटते, त्या मोजायच्या.

पिल्ले पहिल्याच वर्षी उपासमारीने, गुहेत पाणी शिरल्याने किंवा मोठ्या नरांच्या हल्ल्यात दगावतात. दीड वर्षानंतर मात्र मृत्यूचे मुख्य कारण माणूसच: शिकार, वाहनांची धडक आणि ‘उपद्रवी’ ठरवून घातलेली गोळी. वनफळांचा हंगाम बुडाला की अस्वले अन्नासाठी दूर भटकतात, रस्ते ओलांडतात, वस्तीत शिरतात. एकदा कचऱ्याची चटक लागली की त्यांना दूर नेऊन सोडणेही बऱ्याचदा फसते, ती परत येतात.

ही अस्वले असलेल्या न्यू जर्सीत अनेक मराठी कुटुंबे राहतात, म्हणून कळकळीने सांगावेसे वाटते: कचऱ्याचा डबा रात्री बाहेर ठेवू नका, गाडी येण्याच्या दिवशी सकाळीच काढा. पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे वसंतापासून हिवाळा लागेपर्यंत उतरवा. बार्बेक्यूची जाळी लगेच धुवा. अस्वलांना मुद्दाम खाऊ घालणे तर तिथे कायद्याने गुन्हाच आहे.

– एक वन्यजीव अभ्यासक