सहा महिन्यांनी आलेला शेरा

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

देवळालीच्या तोफखाना शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालास, वायओ (यंग ऑफिसर्स, म्हणजे नव्या अधिकाऱ्यांचा) कोर्स आता तुझ्या हाती. कोर्स संपल्याच्या संध्याकाळी पोरांकडून जे फॉर्म भरून घेतात, त्यांवर फार विसंबू नकोस. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात रजा आणि रेल्वेचं रिझर्वेशन असतं. 'उत्तम'वर खुणा करून मोकळे होतात. त्यातून फार तर मेसचं जेवण कळेल. खरा शेरा सहा महिन्यांनी मिळतो, पोरगा ओपीवर, म्हणजे मारा कुठे पडतो ते पाहून सुधारायच्या निरीक्षण चौकीवर, बसून आल्यावर.

तो मागवताना एक फॉर्म त्या अधिकाऱ्याला पाठव आणि तोच, वेगळ्या पाकिटातून, त्याच्या बॅटरी कमांडरला (बीसी), म्हणजे त्याच्या तोफांच्या तुकडीच्या प्रमुखाला. 'कोर्स कसा वाटला' हा प्रश्न नकोच. वीसेक कामांची यादी दे आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: किती वेळा केलं, मदत कोणाची लागली, चुकलं तर नेमकं कुठे. अधिकारी लिहितो 'जमतं' आणि बीसी लिहितो 'टीए (हिशेब करणारा टेक्निकल असिस्टंट) सांभाळून घेतो', अशा ठिकाणी फोन उचल.

आता समज, शेरा आला: 'डोंगरात गोळा धारेमागे (डोंगराच्या कण्यापलीकडे) हरवतो, अधिकारी गोंधळतो.' लगेच 'पर्वतीय मारा' म्हणून दोन व्याख्यानं वाढवशील, तर फुकट. आधी गोंधळ कशाचा ते फोड.

हवेचा असेल. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के, म्हणून गोळा लांब जातो. देवळाली सहाशे मीटरच्या आसपास, तिथे हे पोरांच्या अंगवळणी पडतच नाही. उलट गोळा ढकलणारी तोफेची दारू गारठली की गोळा नळीतून कमी वेगाने सुटतो आणि अलीकडे पडतो. माऱ्याचे तक्ते 21 अंश सेल्सिअस धरून केलेले असतात. दोन चुका एकमेकींना झाकतात, म्हणून पहाटे नेमका बसलेला मारा उन्हात दारू तापली की पलीकडे जायला लागतो. पोराला वाटतं, तोफेत बिघाड.

किंवा अँगल ऑफ साइटचा, म्हणजे तोफ आणि लक्ष्य यांच्या उंचीतल्या फरकाच्या कोनाचा. मैदानात ही दुरुस्ती किरकोळ म्हणून हात सैल पडतो; लक्ष्य तोफेपेक्षा हजार मीटर वर असलं की तोच सैलपणा महागात पडतो.

माझ्या मते बहुतेकदा दोष डोळ्याच्या सवयीचा. एक गोळा लक्ष्याच्या पलीकडे, एक अलीकडे टाकून 400, 200, 100 मीटर असं ब्रॅकेट आवळत आणायचं, हे सपाट रेंजवर छान जमतं. अरुंद धारेवर 100 मीटर 'प्लस' (पलीकडे) म्हणजे गोळा थेट मागच्या दरीत, धूरही दिसत नाही. मग पोरगा अंदाजाने आणखी वाढवतो. इथे व्याख्यान कामाचं नाही. सिम्युलेटरवर मुद्दाम न दिसणारे गोळे टाक आणि धारेच्या अलीकडून, दिसणाऱ्या बाजूने, छोट्या पावलांनी वर चढवायला लाव.

आणि कधी कोर्सचा दोषच नसतो. मेट्रो मेसेज (हवामानाचा निरोप) शिळा होता किंवा रेडिओची बॅटरी थंडीत बसली, तर तो शेरा ज्याच्या टेबलावर जायचा तिकडे धाड. तुझ्या वेळापत्रकात घुसवू नकोस.

एकाच रेजिमेंटच्या शेऱ्यावर काही बदलू नकोस, तीन ठिकाणांहून तेच आलं तर हात घाल. एक तास वाढवलास की एक कापायचा, हा नियम मोडू नकोस. नाहीतर रात्रीचा सराव आपोआप आक्रसतो. कापताना मात्र 'किती वेळा केलं' या रकान्याला भुलू नकोस. मिसफायर ड्रिलपुढे (गोळा सुटलाच नाही तर काय करायचं, तो सराव) बहुतेक शून्यच येईल, म्हणून ते उडवतोस का? 1999 साली कारगिलमध्ये बोफोर्स तोफा थेट नेम धरून, म्हणजे डायरेक्ट फायरने, शिखरांवर चालवल्या. नुसती वारंवारता पाहणाऱ्याने डायरेक्ट फायरचे तास त्याआधीच छाटले असते. म्हणून चौथा रकाना तू स्वतः भर: हे चुकलं तर कोणाचा जीव जातो?

अजून एक, हे सगळेच विसरतात. ज्या बॅटरीने शेरा पाठवला तिला दोन ओळी उलट लिही: काय बदललं, कुठल्या तुकडीपासून, आणि बदललं नसेल तर का नाही. उत्तर मिळालं नाही की पुढच्या खेपेला फॉर्म क्लार्क भरतो.

आई विचारते, स्वेटर पोचला का.

तुझे
बाबा