सुरुवातीची शून्ये जातात कुठे?

संपादक महोदय,

जाहिरातीत ‘संगणक ज्ञान आवश्यक’ असते, उमेदवार एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र जोडतो. तरीही पगाराची यादी बँकेतून परत येते, कारण खाते क्रमांक चुकलेले असतात. खाते क्रमांक टाइप केला की एक्सेल त्याला संख्या समजते आणि सुरुवातीची शून्ये गाळते. १५ अंकांपुढचा प्रत्येक अंक तर शून्यच होतो. १२ अंकी आधार क्रमांक ‘१.२३ई+११’ असा दिसू लागतो. तशीच फाइल सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी अलग केलेल्या साध्या मजकुराच्या स्वरूपात) साठवून बंद केली, तर मूळ अंक गेलेच म्हणायचे.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. आकडे भरण्याआधी पूर्ण रकाना निवडून ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये ‘टेक्स्ट’ करावे. नंतर केल्यास गेलेले अंक परत येत नाहीत. बाहेरून आलेली सीएसव्ही डबल क्लिक करून उघडू नये. ‘डेटा’ टॅबमधून घ्यावी आणि तो रकाना तिथेच ‘टेक्स्ट’ ठरवावा.

वर्षानुवर्षे चोख हिशेब ठेवणारी माणसेही इथे अडतात, कारण हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. कार्यालयीन प्रशिक्षणात एक तास तरी यासाठी राखून ठेवावा आणि प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने करून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक लेखापाल, पुणे