इंजिन क्लीनरच्या डब्यावरील धोकादायक सूचना बदलण्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : इंजिन क्लीनर संचावरील वापराच्या चुकीच्या सूचना आणि त्यांमुळे झालेले नुकसान

महोदय,

आपला इंजिन क्लीनर संच, म्हणजे ५०० मिलीचा डिग्रीजर (तेलकट मळ काढणारा द्राव) फवारा आणि सोबतची चमक आणणारी बाटली, बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या ॲक्सेसरीच्या दुकानांत सर्रास मिळतो. डब्याच्या मागे पद्धत छापली आहे : इंजिन चालू करून चांगले तापवा, सगळीकडे भरपूर फवारा, १५ मिनिटे राहू द्या, प्रेशर वॉशरने धुवा, वाळल्यावर सर्व भागांवर चमक मारा. यातली एकही पायरी सुरक्षित नाही. डबा वाचून घरी धुतलेल्या गाड्या मिसफायर (ठिणगी चुकून इंजिनाला बसणारे झटके), ओरडणारे बेल्ट आणि मऊ पडलेले होज (रबरी नळ्या) घेऊन आमच्या गॅरेजांत येतात. द्रावाबद्दल आमची तक्रार नाही, टॅपेट कव्हरवरचे (इंजिनाच्या वरच्या झाकणावरचे) जुने किटण तो चांगले सोडवतो. तक्रार सूचनांबद्दल आहे.

इंजिन तापवण्याची सूचना सर्वांत घातक आहे. डब्यावरच बारीक अक्षरांत ‘पेट्रोलियम डिस्टिलेट’ लिहिले आहे. केरोसीनच्या जातीचा द्राव साधारण २१० अंश सेल्सिअसला ठिणगीशिवाय पेट घेतो आणि चाललेल्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा धातूचा नळ) त्याहून खूप जास्त तापतो. बॉनेटच्या आतल्या बाजूचे कापडी पॅड हा द्राव शोषून धरते, त्याचा उल्लेखही डब्यावर नाही. तापलेल्या धातूवर द्राव मळ सोडवण्याआधीच उडून जातो आणि मागे चिकट डाग राहतो. त्यावर लगेच थंड पाणी पडले तर मॅनिफोल्डला तडा जाऊ शकतो, ऑक्सिजन सेन्सरच्या आतले सिरॅमिक फुटू शकते. इंजिन हाताला कोमट लागेल इतकेच हवे, म्हणजे गाडी बंद करून तासभर तरी थांबायला हवे.

प्रेशर वॉशरबद्दल दुकानदार सांगतात, ‘पावसात गाडी भिजतेच की.’ भिजते, पण चाकांनी उडवलेले पाणी वेगळे आणि घरगुती वॉशरची १०० बारच्या पुढची धार वेगळी. वायरींच्या कनेक्टरचे रबरी सील शिंतोडे अडवतात, वीतभर अंतरावरून मारलेली धार अडवत नाहीत. पाणी एकदा आत गेले की तेच सील त्याला बाहेर येऊ देत नाही, पिना हिरव्या पडतात आणि बिघाड काही आठवड्यांनी उगवतो. तोवर त्याचा धुण्याशी संबंध आहे हे गाडीमालकाच्या ध्यानातही येत नाही. पेट्रोल गाडीत पाणी प्लगच्या खड्ड्यात साचते, कॉइलची (प्लगला वीज देणाऱ्या भागाची) ठिणगी प्लगऐवजी इंजिनाच्या धातूच्या हेडकडे पळते आणि गाडी तीन सिलिंडरवर थरथरत चालते. तशीच दामटली तर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन पेटते आणि तो महागडा भाग जळतो. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसले तरी इंजेक्टरचे कनेक्टर आणि डिझेलचा दाब मोजणारा रेल प्रेशर सेन्सर असतातच. अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, हवेसाठी उघड्या खाचा असतात, त्यांतून पाणी आणि डिग्रीजर थेट बेअरिंगपर्यंत जातात. रेडिएटरची नाजूक पाती या धारेने वाकतात ते वेगळेच.

१५ मिनिटांचे म्हणाल तर कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) होज बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर गरम पाणी वर्षानुवर्षे सोसते, पण पेट्रोलियम तेलाने फुगते. द्राव लगेच निघाला तर फारसे बिघडत नाही, पण दर वेळी पाव तास भिजवत ठेवले की क्लॅम्पपाशी होज मऊ पडून कूलंट पाझरू लागते. तीन ते पाच मिनिटे पुरतात, तीही सावलीत, द्राव वाळू न देता. चमकेच्या बाटलीत सिलिकॉन आहे. ‘सर्व भागांवर’ म्हटल्यावर लोक ते बेल्ट आणि पुलीवरही मारतात, मग बेल्ट घसरतो आणि त्याबरोबर अल्टरनेटर सुस्तावतो. चमक फक्त प्लॅस्टिकच्या कव्हरवर लावावी, तीही कापडाने.

आमच्या भागातला मळही समजून घ्या. खानापूर आणि चोर्ल्याकडची तांबडी माती पिठासारखी बारीक असते, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेल्या ऑईलवर तिचा थर बसतो. निपाणी-चिकोडीकडे काळ्या मातीचा चिखल आणि हंगामात उसाचे पाचट असते. समोरच्या काचेखालच्या जाळीत पाने कुजून पाण्याची वाट बंद होते आणि पाणी केबिनमध्ये उतरते. यातला बराचसा मळ कोरडाच निघतो. म्हणून डब्यावरची पहिली ओळ ‘आधी कोरडे साफ करा’ अशी हवी : पाने हाताने काढा, माती मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने. याच वेळी उंदराने वायर कुरतडली आहे का तेही दिसते. कुरतडलेली असेल तर पाणी लावूच नये.

पुढची पद्धत अशी छापावी. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढावी. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचा संगणक), कॉइल आणि एअर फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकून रबर बँडने बांधावे. फवारा खालून वर आणि फक्त तेलकट जागी मारावा, कडक थराला नायलॉनचा ब्रश. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जुडग्यांवर द्राव थेट न मारता कापडावर घेऊन पुसावा. धुवायला बागेच्या पाईपची मंद धार पुरे, कापडाने पुसून निघत असेल तर तीही नको. मग सगळ्या पिशव्या मोजून काढाव्यात, कारण एक्झॉस्टजवळ राहिलेली पिशवी पेटते. ब्लोअरने कोपरे सुकवून, बॉनेट तासभर उन्हात उघडे ठेवून, निगेटिव्ह शेवटी जोडून गाडी दहा मिनिटे जागेवर चालू ठेवावी. हायब्रिड गाडीत नारिंगी केबल दिसली की तिथे पाणी आणि हात दोन्ही नेऊ नयेत, हे ठळक लिहा.

सांडपाण्याचा तर डब्यावर शब्दही नाही. आमच्याकडे पुष्कळ घरांच्या परसात वापरातली विहीर आहे. ऑईल मिसळलेले पाणी जमिनीत मुरले की विहिरीत उतरते आणि गटारातून शेवटी मार्कंडेय, मलप्रभेपर्यंत जाते. गाडीखाली गोणपाट आणि लाकडाचा भुसा पसरून तेल टिपून घ्यावे, ही एक ओळ छापायला काहीच अडचण नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा नसेल, तर होणाऱ्या हानीला उत्पादक जबाबदार ठरतो. इथे सूचनाच हानी घडवतात. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत हिंदी किंवा इंग्रजी मजकूर पुरतो, पण त्यासोबत इतर भाषेत छापायला मनाई नाही. या पट्ट्यात विकल्या जाणाऱ्या डब्यावर सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत हव्यात.

आमच्या मागण्या : सध्याचे डबे दुकानांतून परत घ्यावेत किंवा त्यांवर दुरुस्त सूचनांचे चिकटपत्र लावावे. ज्वलनशील असल्याचे चिन्ह समोरच्या बाजूला मोठे छापावे. द्रावाचे सुरक्षा माहितीपत्रक विक्रेत्यांना द्यावे. सोबत जोडलेल्या बिलांतील कॉइल, प्लग, बेल्ट आणि होज बदलण्याचा खर्च संबंधित ग्राहकांना भरून द्यावा. ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

कळावे,

बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी परिसरातील गाडीमालक आणि गॅरेज मेस्त्री

सोबत : डब्याच्या मागील बाजूची छायाचित्रे, दुरुस्तीची बिले, बदललेल्या भागांची छायाचित्रे