अजून तीन वर्षं

लुंड (स्वीडन), १७ मे

ती. आई-बाबा,
सा. न.

हे फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आई "बरं बरं, जेवलीस का" म्हणत विषय मोडते आणि बाबा कॅमेऱ्यात नुसतं कपाळ दाखवतात. म्हणून पत्र. दादा मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून आणेल. आई, तूच वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस.

इथलं प्रयोगशाळेतलं काम मी अजून तीन वर्षं वाढवून घेतलंय. सहीसुद्धा झाली. आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "तुला पटेल ते कर," आणि आईने दोन दिवस मुकाट्याने कपाटं आवरली असती. नागपूरच्या त्या जागेचा अर्ज मी भरला नाही. मामांना तेवढं तुम्हीच सांगा, माझी हिंमत नाही.

कारणं पुष्कळ आहेत. पेशी वाढवायलाच महिने जातात, आत्ता सोडलं तर सगळं अर्ध्यावर पडेल. पगार बरा आहे, त्यातून बाबांच्या मदतनीसाचे पैसे आरामात निघतात. तिकडे आले असते तर पहिलं वर्ष ग्रांटचे कागद रंगवण्यात आणि यंत्रांची वाट बघण्यात गेलं असतं. रजेचं मी आधीच बोलून घेतलंय. दादा पुण्यात आहे, रात्रीच्या गाडीत बसला की सकाळी घरी. बघा, किती झाली कारणं, आणि एकही खोटं नाही. तरी एवढी कारणं द्यावी लागतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मलाही कळतं.

मामी कौतुकाने सांगत होती, बाबांनी गोकुळपेठ मार्केटात संत्रेवाल्याला सांगितलं म्हणे, "मुलगी तिकडे माझ्यासाठी औषध शोधून राहिली." बाबा, त्या दिवसापासून मला हे लिहायचं होतं. तसं नाहीये ते.

तुमच्या पार्किन्सनचं औषध शोधून झालेलं आहे. तुमच्या स्टीलच्या डब्यात आहे. आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात मी राहते त्याच गावात झाली. १९५७ साली इथल्या विद्यापीठात आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे जागच्या जागी थिजले, कान पडले, हलेनात. मग लेव्होडोपा टोचलं, म्हणजे तुमच्या गोळीतलंच औषध, ज्याचं मेंदूत डोपामीन होतं, तर थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडायला लागले. तोवर डोपामीन म्हणजे दुसरं एक रसायन बनताना मधे लागणारी पायरी, एवढीच त्याची किंमत होती. कार्लसननी दाखवलं की मेंदूत ते स्वतःचं काम करतं. त्यांना नोबेल मिळालं ते पार २००० साली. हे रेसर्पिन कशातून काढतात माहितीये? सर्पगंधेतून! आजीच्या ब्लडप्रेशरसाठी वैद्यबुवा द्यायचे ना, तीच. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये तिच्यावर विलायतेतल्या मासिकात लिहिलं आणि मग जगभर तिचा बोलबाला झाला. आपल्या देवघराच्या फडताळातली मुळी फिरून फिरून लुंडच्या सशांपर्यंत पोचली. हे वाचलं तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच हसले. सांगणार कुणाला? इथे आजी कुणाला माहीत आहे?

पुढे १९६० मध्ये व्हिएन्नात होर्निकिविच यांनी या आजारात गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले आणि नेमक्या एका भागात डोपामीन जवळजवळ संपलेलं सापडलं. मग लेव्होडोपा माणसांना दिलं गेलं. इतक्या वर्षांनंतरही त्याच्यापेक्षा चांगली गोळी निघालेली नाही. म्हणजे बाबा, तुम्हाला मिळतंय ते जगातलं सगळ्यात चांगलंच मिळतंय. मी नागपुरात असते तरी हीच गोळी असती आणि डॉक्टरही हेच असते.

आता माझं काम. मी मूलपेशींपासून, म्हणजे ज्यांच्यातून हव्या त्या पेशी घडवता येतात त्यांच्यापासून, डोपामीन बनवणाऱ्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवते आणि त्याच का मरतात ते बघते. एकेका पेशीच्या फांद्या इतक्या पसरलेल्या असतात की माणसात एकीच्या दहा लाखांच्या वर जोडण्या असाव्यात असा अंदाज आहे. शिवाय कुणी सांगो न सांगो, त्या स्वतःहून सेकंदाला विजेचे दोन-तीन ठोके देत राहतात, रात्रंदिवस. आणि जे डोपामीन बनवतात तेच आतल्या आत ऑक्सिडाइज होऊन त्यांना बाधतं. त्यातूनच काळं रंगद्रव्य साठतं. मेंदू कापला की ती काळी पट्टी नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि या आजारात ती फिकी झालेली असते.

इथल्या इस्पितळात २०२३ मध्ये मूलपेशींपासून केलेल्या पेशी पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूत घातल्या. हे ऐकून बाबा लगेच विचारतील, म्हणून सांगते: मोजके रुग्ण आहेत, आणि आत्ता फक्त धोका नाही ना एवढंच तपासणं चाललंय. १९८७ मध्येही इथेच गर्भाच्या पेशी घालून पाहिल्या होत्या. काहींना वर्षानुवर्षं फायदा झाला, काहींना काहीच नाही, आणि नंतर अमेरिकेत नीट तुलना करून पाहिलं तेव्हा निराशाच पदरी पडली. माझं काम तर त्याच्याही मागच्या पायरीवरचं. त्यातून निघालंच काही तर आपल्या चिंटूच्या पिढीला. तुमच्या डब्यात माझी गोळी येणार नाही, बाबा.

मग मी का राहतेय? मला हे काम आवडतं म्हणून. पडद्यावर पहिल्यांदा ते ठोके उमटले त्या दिवशी मी जेवायचं विसरले. आई, रागावू नकोस, नंतर जेवले. तुमच्या आजाराच्या नावावर इथे राहायला मला नको वाटतं. तुमच्यावर उपकार केल्यासारखं होतं, आणि तुम्हाला मग "ये" म्हणायची सोय राहत नाही. तर "ये" म्हणायचं. केव्हाही. दर वेळी येता येईलच असं नाही, पण तुम्ही म्हणायचं.

बाबांचं अक्षर बदललंय हे मला कुठे कळलं ठाऊक आहे? मागच्या पार्सलमधल्या डब्यांवर. "लसणाची चटणी" यातला "ल" छान टपोरा, तुमचा नेहमीचा, आणि "णी"पर्यंत येता येता अक्षरं मुंगीएवढी. शिरोरेघही वर चढलेली. ज्या माणसाने माझ्या पाटीवरची रेघ सरळ येईस्तो मला अंगणात जाऊ दिलं नाही, त्याची रेघ. ती चिठ्ठी मी काढून डायरीत ठेवली, आणि पोळीबरोबर चटणी खाल्ली. आई, तिखट नेहमीसारखंच, इथल्या मैत्रिणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्षराला उपाय आहे. रेघांच्या वहीत मोठं काढायचं मनाशी ठरवून रोज एक पान लिहायचं. तान्हा पोळ्याला लाकडी नंदी घेऊन मला खांद्यावर बसवून गल्लोगल्ली हिंडवायचात, ते सगळं लिहा. मला वाचायचंय.

आता दोघांनी नीट ऐका.

गोळी वेळेवर म्हणजे वेळेवर, आणि जेवणाच्या अर्धा तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर. दूध, ताक, दही काही नाही. वरण-भातातल्या प्रथिनांचे तुकडे आणि बाबांची गोळी, दोघांनाही मेंदूत शिरायला एकच दार आहे, बर्डीवरून सुटणाऱ्या शेवटच्या बससारखं. आधी गोळीला चढू द्या. वरण बंद करायचं नाहीये, आई, घाबरू नकोस. वडाभातही करायचा, फक्त गोळीशी वेळ जुळवून.

समोरच्या काकांनी दिलेलं कवचबीजाचं चूर्ण बाजूला ठेवा. ते थोतांड नाही, त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. म्हणूनच नको, चमच्यागणिक किती पोटात जातंय ते कळणार कसं? मळमळलं तर दुकानदाराकडून उलटीची गोळी आणून घ्यायची नाही. मेटोक्लोप्रमाइड नावाचं एक औषध नेमकं डोपामीनच अडवतं, ते यांना चालत नाही. नाव कागदावर लिहून फ्रिजवर लाव. आणि "आज बरं वाटतंय" म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही. बाबा, तुम्हालाच म्हणतेय.

देवघराच्या उंबऱ्याशी बाबांचे पाय खिळतात, तिथे ओढू नकोस त्यांना. फरशीवर एकेका पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवायला दादाला सांगितलंय. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलतं. नाहीतर लेजमीचा ठेका तोंडाने म्हणायचा. शाळेत पोरांना शिकवलाय तुम्ही, आता स्वतःच्या पायांना शिकवा. उठताना आधी काठावर बसा, मग उभे राहा, प्रेशर खाली येतं. रात्री स्वप्नात भांडून हातपाय झाडतात तो त्यांचा स्वभाव नव्हे, याच आजाराचा भाग आहे. डॉक्टरांना सांग, आणि पलंगालगत खाली गादी टाक. वास येत नाही तेही तसंच. दूध उतू जाऊन करपलं तरी यांना पत्ता नाही म्हणून आपण किती बोललो त्यांना. ते याच आजाराचं होतं, तेव्हापासूनच.

बाथरूममध्ये दांडे बसवायला माणूस गुरुवारी येईल, पैसे दिलेत, पुन्हा देऊ नका. कूलरच्या नवीन वाळ्याच्या ताट्या आणि इन्व्हर्टरची बॅटरी दादा बघतोय. ऊन उतरेपर्यंत दोघांनीही बाहेर पडायचं नाही, पन्हं करून ठेव. आणि आई, तुझा गुडघा "आता ठीक आहे" हे मी वर्षभर ऐकतेय. मदतनीस सकाळी आहे तर त्याला कामं सांग, त्याला चहा पाजत बसू नकोस. तू पडलीस तर माझी तीन वर्षं तिथेच संपली, हे लक्षात ठेव.

माझी काळजी नको. तूरडाळ मिळते, घर उबदार आहे, सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र इथे चार काड्यांची जुडी मिळते आणि किंमत ऐकून तू दुकानदाराशी भांडशील. दिवाळीला येतेय, चांगली लांब रजा घेऊन.

तुमची,
बेबी

ता. क. सही जुळली नाही म्हणून बँकेतून चेक परत आला, ते बाबांनी मनाला लावून घेतलंय असं दादा म्हणाला. त्यात लाजायचं काय? दादाबरोबर जाऊन नवीन नमुना सही देऊन या. सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने जा, हात मोकळा असतो. हयातीच्या दाखल्याला रांगेत उभं राहायचं नाही, हल्ली तो मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. नोव्हेंबरात मी करून देईन. फक्त त्या वेळी कपाळ नाही, पूर्ण चेहरा दाखवायचा.