पेन्सिल हातात दिल्याबद्दल

ती. काकूंना सा. न.

हिच्या कादंबरीची शेवटची प्रुफं काल रात्री वाचून झाली. पेन्सिल खाली ठेवली आणि तुमचीच आठवण झाली. हे पत्र खरं तर तीन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

तेव्हा मी तुमच्याकडे आलो होतो तो हिची तक्रार घेऊन. पहाटे चारला उठून लिहायला बसते, जेवताना समोर असून नसते, सुट्टीच्या दिवशीही दार लावून घेते. पहिलं हस्तलिखित साभार परत आलं, तेव्हा वाटलं आता तरी ही जरा थांबेल. हिनं त्याच रात्री पहिलं प्रकरण नव्यानं लिहायला घेतलं. मी घाबरलो होतो, काकू. हिला मोठी लेखिका व्हायचं होतं आणि त्या वाटेवर माझं काम काय, हे कळत नव्हतं. वाचायला दिलं की मी ‘छान आहे’ म्हणायचो. त्यानं हिचा चेहरा उतरायचा, आणि मग माझाही.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग एक छापील पान पुढ्यात ठेवलंत, ओळीखाली पट्टी धरायला लावलीत आणि म्हणालात, “मोठ्यानं वाचा. अडखळाल तिथे टिंब करा. मत देऊ नका.”

त्या पानावर ‘आचाऱ्यांना’ऐवजी ‘आचार्यांना’ पडलं होतं. मी दोनदा वाचलं, दोन्ही वेळा सुटलं. तिसऱ्यांदा तुम्ही अक्षर न् अक्षर फोडून वाचायला लावलंत, तेव्हा दिसलं: बोलावणं होतं स्वयंपाक्याला आणि छापून आले होते गुरुजी. डोळा अर्थाकडे पळतो, त्याला अक्षरावर धरून ठेवायचं, हे तुमचं वाक्य आजही प्रुफं काढली की कानात असतं.

“मी काय, नुसता नवरा,” असं मी म्हणालो, तेव्हा तुम्ही रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीच्या बायकोची, अन्नाची, गोष्ट सांगितलीत. १८६६च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची ही मुलगी लघुलेखनाच्या कामासाठी दस्तयेव्हस्कीकडे गेली. १ नोव्हेंबरपर्यंत कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याच्या लिखाणाचे हक्क प्रकाशकाकडे जाणार होते. तो दिवसा सांगायचा, ती रात्री घरी बसून ते नीट उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ पानं घेऊन यायची. २६ दिवसांत कादंबरी पुरी झाली. लग्न त्यानंतरचं, १८६७चं. पुढे त्याची पुस्तकं छापून विकण्याचं कामही तिनं अंगावर घेतलं. “कादंबरी त्याचीच,” तुम्ही म्हणालात, “पण ती पानं रोज यायची, म्हणून तो पुढचं सांगू शकला.”

घरी येऊन मी हिचं पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचलं. सतरा टिंबं पडली. हिनं ती पाहिली, बोलली काहीच नाही. रात्री जाग आली तर ही टेबलाशी. एकेका टिंबापाशी बोट ठेवून ओठांतल्या ओठांत वाक्य म्हणून बघत होती. सकाळी एक अख्खा परिच्छेद खोडलेला होता, आणि दुसरं प्रकरण माझ्या उशाशी.

पहाटे चारचा दिवा अजून लागतो. कधी कधी अजूनही एकटं वाटतं, तुमच्यापासून काय लपवू? पण ते बंद दार आता माझ्या तोंडावर लावल्यासारखं वाटत नाही. आत जे चाललंय, ते संध्याकाळी माझ्या पट्टीखाली येणार असतं. हे तुम्ही दिलंत, काकू. आमच्यात पंच न होता दिलंत, याचं मोल मला फार आहे.

रविवारी प्रुफं घेऊन येतो. ४३व्या पानावर एक स्वल्पविराम आहे. हिला तो हवा, माझं तिथे टिंब पडलंय. तुम्ही एकदा मोठ्यानं वाचून बघा.

आपला कृतज्ञ