कपाटातली आयजीआयची सीडी

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, आयजीआय हा कॉम्प्युटर गेम बनवणारी कंपनी अजून आहे का, त्याची दुसरी सीडी मागवता येईल का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. कंपनी आता नाही. म्हणून आई, श्रावणातल्या सफाईत ती डबी भंगारात घालू नकोस.

कंपनीचं नाव इनरलूप स्टुडिओज, नॉर्वेतल्या ऑस्लो शहरातली, १९९६ साली सुरू झालेली. प्रोग्रॅममध्ये एकात एक फेरे असतात. सगळ्यात आतला फेरा सगळ्यात जास्त वेळा फिरतो, त्याला इनर लूप म्हणतात. गेम अडखळायला लागला तर आधी तोच तपासायचा. १९९७ मध्ये त्यांनी जॉइंट स्ट्राइक फायटर हा लढाऊ विमानाचा गेम काढला. विमान उडवायचं तर लांबवर पसरलेली जमीन आणि डोंगर दाखवावे लागतात. हे सगळं दाखवणारा गेमचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे इंजिन, तेच त्यांनी पायी चालणाऱ्या माणसासाठी वापरलं आणि डिसेंबर २००० मध्ये आयजीआय आला. म्हणूनच त्यात टेकडीवर थांबून दुर्बिणीतून अख्खा तळ न्याहाळता येतो. बंदुकीचे तेव्हाचे बरेचसे गेम खोल्या-बोळांतच फिरायचे, हा मोकळ्या माळावर नेतो. मला त्याचं खरं मोल इथंच वाटतं.

ओमला सांगा, आधी टॉवरवरचा पहारेकरी शोध, कॅमेरा कुणीकडे वळतोय ते बघ, मगच खाली उतर. नुसतं पळत सुटलं की भोंगा वाजतो आणि आणखी शिपाई बाहेर पडतात. मेला की ती मोहीम पहिल्यापासून, कारण मध्ये सेव्ह करायची सोयच नाही. अशा १४ मोहिमा आहेत. सेव्ह न करता येणं ही उणीवच होती, तेव्हाच्या परीक्षणांतही त्यावर टीका झाली. २००३ च्या दुसऱ्या भागात मोजक्या वेळा सेव्ह करता येऊ लागलं, अनेकांनी मिळून खेळायचीही सोय झाली. त्याच वर्षी कंपनी बंद पडली.

बाबा, या धंद्यात पैसा कसा फिरतो ते तुम्हाला लगेच कळेल. गेम विकणारी कंपनी बनवणाऱ्यांना आधी उचल देते. उसाच्या बिलातून सोसायटीचं कर्ज वळतं करतात, तशी ती विक्रीतून वळती होते आणि मगच पुढचा वाटा हातात पडतो. तोवर पगार तर दर महिन्याला द्यावेच लागतात. एक गेम संपून दुसऱ्याची उचल मिळेपर्यंत लहान कंपनीचा जीव टांगणीला असतो.

आता सीडीचं. चकचकीत बाजू ट्यूबलाइटसमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर आतला थर तिथं उडालाय, तो परत येत नाही. हा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, म्हणून त्या बाजूवर बॉलपेननं लिहायचं नाही आणि चिकटलेला कागद ओरबाडायचा नाही. नुसती धूळ किंवा बोटांचे डाग असतील तर आई, तुझ्या जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घे आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पूस. गोल फिरवून पुसू नकोस. माहिती गोल रेघेतच लिहिलेली असते. त्या रेघेच्या बाजूनं चरा गेला तर सलग मोठा तुकडा जातो, आडव्या चऱ्यात थोडं थोडंच जातं आणि ड्राइव्ह ते भरून काढू शकतो.

डबी माळ्यावर नको, उन्हाळ्यात तिथं पत्रा तापतो. भिंतीलगतही नको, पावसाळ्यात ओल येते. लाकडी कपाटाच्या मधल्या फळीवर उभी ठेवा.

मी पार्सलनं यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह पाठवतेय. ओमच्या लॅपटॉपला लावून सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल, करून घ्यायची. मध्येच अडकलं तर वाचायचा वेग कमी करून पुन्हा लावा. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर. गेम सुरू झाला नाही तर सीडी खराब आहे असं समजू नका. त्या काळच्या अनेक सीडींवर नकलेविरुद्धचं कुलूप असे आणि त्यातल्या काही कुलपांना विंडोज १० चालूच देत नाही. ओमला मात्र बजावून ठेवा, कुठल्याही साइटवरून ‘चालू करणारी’ फाइल उतरवायची नाही, त्यातूनच व्हायरस शिरतात. गणपतीत निपाणीला येताना जुन्या विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर घेऊन येते, त्यावर लावून बघू.

तुमची,
सुमा