ज्येष्ठांची थायरॉईड तपासणी: सरसकट नको, वेळेवर हवी

मा. संपादक,

ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य शिबिरांत सर्वांचीच थायरॉईड चाचणी करावी, अशी मागणी अधूनमधून होत असते. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त होते. त्यामुळे या मागणीमागची कळकळ मला समजते. तरीही लक्षणे नसलेल्यांची सरसकट चाचणी करण्यापेक्षा लक्षणे असूनही तपासणीविना राहिलेल्यांपर्यंत पोहोचणे अधिक निकडीचे आहे, असे मला वाटते.

थायरॉईड मंदावल्याची लक्षणे म्हातारपणाच्या खुणांत सहज मिसळून जातात. सुस्ती, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, मंदावलेली स्मृती, एप्रिलच्या उकाड्यातही पंखा नकोसा होणे, या सगळ्यांवर घरात ‘आता वय झाले’ एवढेच उत्तर मिळते आणि रुग्णही तेच खरे मानून गप्प बसतो. ग्रंथी अतिसक्रिय झाली, तर तरुणांत दिसणारी घालमेल वृद्धांत दिसेलच असे नाही. केवळ वजन घटते किंवा हृदयाचे ठोके अनियमित होतात. मुले परदेशी असलेल्या घरांत हा बदल टिपायला जवळ कोणी नसते, याची मला विशेष काळजी वाटते.

याउलट, धडधाकट माणसाचा टीएसएच (रक्तचाचणीतला आकडा, जो थायरॉईड मंद असेल तर वाढतो) थोडा वाढलेला दिसताच आयुष्यभराची गोळी सुरू करणे योग्य नाही. वयानुसार हा आकडा स्वाभाविकपणेही थोडा वाढतो आणि एकदा वाढलेला आकडा काही महिन्यांनी आपोआप पूर्ववत झाल्याचेही अनेकदा आढळते. युरोपातील ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा सौम्य दोषावर लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड संप्रेरकाची हीच गोळी, दिल्याने थकवा किंवा इतर लक्षणांत फरक पडला नाही. मात्रा जास्त झाली, तर हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडे ठिसूळ होतात. वृद्धाला यातले काहीही परवडणारे नाही. मात्र थायरॉईड खरोखरच मंद असेल, तर हीच गोळी माणसाला पुन्हा उभे करते, हेही तितकेच ठामपणे सांगायला हवे.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि मधुमेहासाठी नियमित येणाऱ्या ज्येष्ठांना वरील लक्षणांविषयी आवर्जून विचारावे आणि शंका आली तर टीएसएच तपासावा. अमिओडॅरोन (हृदयाची लय सांभाळणारे औषध) किंवा लिथियम (मनोविकारावरील औषध) घेणाऱ्यांची चाचणी मात्र लक्षणांची वाट न पाहता ठरावीक काळाने व्हावी, कारण ही औषधे थायरॉईडच्या कामात बिघाड घडवू शकतात.

गोळी सुरू झाली, तर ती कशी घ्यायची हे घरच्यांनाही समजावून सांगणे आवश्यक आहे. अनेकजण ती सकाळच्या चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतात आणि मग ती शरीरात नीट शोषली जात नाही. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. ही गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत चार तासांचे अंतर असावे. हृदयविकार असलेल्यांची सुरुवात अगदी अल्प मात्रेने करावी आणि सहा ते आठ आठवड्यांनंतरच्या फेरतपासणीची तारीख डॉक्टरांनी त्याच वेळी केसपेपरवर लिहून द्यावी, अशी आरोग्य खात्याला विनंती आहे.

— एक निवृत्त परिचारिका, डिचोली